पदवी गेल्यावर माणसाला काय म्हणावे?



२०२५च्या नोव्हेंबरमधली गोष्ट आहे. मगरीबच्या नमाजनंतर दहावीत शिकणारा एक मुलगा वही घेऊन माझ्यापाशी आला. शाळेच्या हस्तलिखितासाठी त्याला जगातील घडामोडींवर टिपण लिहायचे होते आणि विषय त्याने घेतला होता ब्रिटनच्या राजाच्या भावाचा. पहिल्याच वाक्यावर तो अडला होता. आधी ‘प्रिन्स अँड्र्यू’ लिहून खोडले होते. मग ‘माजी प्रिन्स’ लिहून तेही खोडले होते. शेवटी नुसते ‘अँड्र्यू’ लिहिले आणि क्रियापदापाशी लेखणी थांबली. ‘राहत होता’ लिहावे की ‘राहत होते’? त्याने मला विचारले, “मौलाना, पदवी गेली की ‘ते’चा ‘तो’ होतो का?”

मी मदरशात अरबी व्याकरण शिकलो, पुढे मराठी विषय घेऊन बी.ए. झालो. सर्वनामे दोन्हीकडे पाठ केली. पण हा प्रश्न मला कोणत्याही परीक्षेत आला नव्हता. मी घाईत होतो. म्हणालो, “राजानेच पदवी काढून घेतली ना? मग ‘तो’ लिही.” मुलाचे समाधान झाले आणि तो गेला. ते उत्तर चुकीचे होते, हे मला त्याच रात्री कळले. कसे कळले, ते पुढे सांगेन. वाचकहो, हा प्रश्न वरवर एका परदेशी राजघराण्याचा दिसतो. पण जो प्रश्न त्या मुलाच्या लेखणीपुढे होता, तोच रोज आपल्या जिभेपुढे असतो.

घडले काय?

कोणाविषयी बोलण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट जाणून घ्यावी, ही आपल्या धर्माची शिकवण आहे. म्हणून आधी तीच पाहू. राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे दुसरे चिरंजीव अँड्र्यू यांचा जन्म १९ फेब्रुवारी १९६० रोजी झाला. राज्यकर्त्याच्या अपत्याला ‘प्रिन्स’ हा किताब आणि ‘हिज रॉयल हायनेस’ हे संबोधन मिळावे, असा नियम राजे पाचवे जॉर्ज यांनी १९१७ मध्ये आज्ञापत्राने घालून दिला होता. त्यामुळे हे दोन्ही मान त्यांना पाळण्यातच मिळाले. जुलै १९८६ मध्ये विवाहाच्या दिवशी ‘ड्यूक ऑफ यॉर्क’ ही पदवी मिळाली.

पुढे जेफ्री एपस्टीन या अमेरिकन धनिकाशी असलेली त्यांची मैत्री उघड झाली. हा एपस्टीन अल्पवयीन मुलीच्या शोषणाशी संबंधित गुन्ह्यात २००८ मध्ये दोषी ठरलेला होता. आपण वयात येण्यापूर्वी अँड्र्यू यांनी आपले शोषण केले, असा आरोप एका महिलेने केला. अँड्र्यू यांनी तो सातत्याने नाकारला आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांची लष्करी मानपदे आणि संस्थांची आश्रयदातेपदे राणीकडे परत गेली. फेब्रुवारीत त्या महिलेचा दिवाणी दावा, अँड्र्यू यांनी कोणतीही कबुली न देता, न्यायालयाबाहेर मिटला. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी त्यांनी उरलेल्या पदव्या न वापरण्याचे जाहीर केले. ३० ऑक्टोबरला राजवाड्याने त्यापुढचे पाऊल उचलले. राजे तिसरे चार्ल्स यांनी आपल्या धाकट्या भावाचे किताब आणि सन्मान काढून घेण्याची प्रक्रिया सुरू केली असून यापुढे ते ‘अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर’ या नावाने ओळखले जातील, असे निवेदन निघाले. ते आरोप नाकारत असले तरी ही कारवाई आवश्यक मानली गेली आहे आणि राजदांपत्याची सहानुभूती शोषणाला बळी पडलेल्यांसोबत आहे, असाही त्या निवेदनाचा आशय होता.

या साऱ्यात एक लहानशी गोष्ट मला फार बोलकी वाटते. हे जे आडनाव आता त्यांच्या वाट्याला आले, त्याची घोषणा त्यांच्या आईने ८ फेब्रुवारी १९६० रोजी, म्हणजे त्यांच्या जन्माच्या ११ दिवस आधी केली होती. ज्या वंशजांना राजपदव्या नसतील, त्यांच्यासाठी ते आडनाव होते. पाळण्यातल्या बाळाला पदव्या मिळाल्या. आडनाव मात्र कोपऱ्यात वाट पाहत राहिले. पासष्ट वर्षांनी ते पुढे आले.

सूरह आलि इमरानच्या २६व्या आयतीचा आशय तुम्हा सर्वांना परिचित आहे. साऱ्या सत्तेचा मालक अल्लाह आहे. तो हवी त्याला सत्ता देतो आणि हवी त्याच्याकडून ती काढून घेतो. मान देणे आणि मान घेणे त्याच्याच हाती आहे. आपण ही आयत बहुधा दुआ म्हणून पढतो. ती एक इशाराही आहे. जे काढून घेतले जाऊ शकते, ते आपले नसते. ती अमानत असते.

मराठीतील ‘ते’ आणि ‘तो’

इंग्रजीत राजालाही आणि रस्त्यावरच्या माणसालाही तृतीयपुरुषी एकच सर्वनाम असते. तेथे पदवी गेली की एक शब्द गळतो, बाकी वाक्य तसेच राहते. आपल्या मराठीत तसे होत नाही. मराठीत मान सर्वनामात असतो, क्रियापदात असतो, विशेषणाच्या शेवटच्या मात्रेतही असतो. ‘मोठा भाऊ आला’ आणि ‘मोठे भाऊ आले’ यांत माणूस तोच असतो, पण बोलणाऱ्याचे मन वेगळे असते.

तरीही ‘तो’ हा शब्द मुळात अपमानाचा नाही. विश्वाच्या पालनकर्त्याविषयी आपण मराठीत ‘तो’च म्हणतो, तो कृपावंत आहे, तो क्षमाशील आहे. आईला आपण ‘ती’ म्हणतो, जिवलग मित्राला ‘तो’ म्हणतो. काल ज्याला ‘ते’ म्हणत होतो, त्याला आज ‘तो’ म्हणणे, या बदलात अपमान असतो. न्यायालयाने दिलेली शिक्षा न्यायालयाची असते, राजाने घेतलेली पदवी राजाची असते. पण ‘ते’चा ‘तो’ आपण करतो. ती शिक्षा आपण आपल्या तोंडाने देतो, आणि तिचा जाबही आपल्यालाच द्यावा लागणार आहे.

पहिली कसोटी: नाव खरे असावे

मग पदवी गेलेल्याला जुन्याच पदवीने हाक मारत राहावे का? अदब म्हणून, सवय म्हणून? तेही नाही. आपल्या दीनमध्ये नाव ही साक्ष आहे आणि साक्ष खोटी चालत नाही.

हजरत जैद (रजि.) यांचे उदाहरण पाहा. लहानपणी ते गुलाम म्हणून विकले गेले आणि हजरत खदीजा (रजि.) यांच्या घरातून प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्याकडे आले. वडील शोध घेत मक्केत पोहोचले, तेव्हा जैद (रजि.) यांनी वडिलांसोबत जाण्याऐवजी प्रेषितांजवळ राहणे पसंत केले. प्रेषितांनी त्यांना सर्वांसमोर पुत्र म्हणून जाहीर केले आणि लोक त्यांना ‘जैद बिन मुहम्मद’ म्हणू लागले. वाचकहो, यापेक्षा मोठी पदवी कोणत्या राजपुत्राला मिळाली असेल? पण सूरह अहजाबची पाचवी आयत अवतरली. दत्तक मुलांना त्यांच्या जन्मदात्या पित्यांच्या नावाने हाक मारा, अल्लाहजवळ तेच अधिक न्यायाचे आहे, असा तिचा आदेश होता. त्या दिवसापासून ते पुन्हा ‘जैद बिन हारिसा’ झाले.

त्यांचा काही अपराध नव्हता. तरीही नाव बदलले, कारण नाव सत्याला धरून असायला हवे होते. जुने नाव प्रेमाचे होते, म्हणून ते चालू राहिले नाही. पण पुढे काय झाले? प्रेषितांनी त्यांना आपला बंधू आणि सोबती म्हटले. मुअताच्या मोहिमेत सेनापतीपद त्यांच्याकडेच सोपवले आणि तेथेच त्यांना शहादत लाभली. सहाबांपैकी ज्यांचे नाव कुरआनमध्ये स्पष्टपणे आले आहे, असे ते एकमेव आहेत. पदवी गेली आणि माणसाचा मान तसाच राहिला, याचा यापेक्षा सुंदर दाखला मला ठाऊक नाही.

म्हणून जी पदवी उरली नाही, ती लावू नये. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये ढोंगी माणसाला ‘सय्यद’ म्हणजे सरदार म्हणण्यासही मनाई आहे. कोणाच्या अंतःकरणात ढोंग आहे, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण मोठेपणाचे शब्द उधळू नयेत, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो. ‘राजाधिराज’ असे नाव धारण करणे अल्लाहजवळ सर्वांत हीन आहे, ही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतील हदीसही तेच शिकवते.

येथे मराठीची एक गंमत ध्यानात घ्यावी. ‘प्रिन्स’ हा किताब आहे, तो राजाच्या आज्ञेने जातो. ‘राजपुत्र’ या शब्दाचा साधा अर्थ राज्यकर्त्याचा मुलगा. ते नाते कोणत्याही आज्ञापत्राने पुसत नाही. अँड्र्यू हे राणीचे पुत्र आणि राजाचे बंधू होते आणि आहेत. नाते सांगणे हे सत्यकथन आहे. किताब लावणे आता असत्य ठरेल.

दुसरी कसोटी: नावात डिवचणे नसावे

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारण्यास मनाई आली आहे. या आयतीची पार्श्वभूमी हदीसमध्ये आली आहे. मदीनेतील बनू सलमा या कुळात एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन नावे असत. प्रेषितांनी एकदा कोणाला अशा एका नावाने हाक मारली, तेव्हा सोबतच्यांनी सांगितले की या नावाचा त्याला राग येतो. त्यानंतर ही आयत अवतरली. म्हणजे एखादे नाव सर्वत्र प्रचलित आहे, एवढ्याने ते वापरायला मोकळीक मिळत नाही.

सत्ता गेलेल्यांना नावाने खाली ओढण्याची खोड जगाला जुनीच आहे. फ्रान्समधील क्रांतीनंतर १७९२ मध्ये राजे सोळावे लुई यांच्यावर खटला चालला, तेव्हा त्यांना ‘लुई कापे’ म्हणण्यात आले. कापे हे त्यांच्या कित्येक शतकांपूर्वीच्या एका पूर्वजाचे नाव. ते आपले नाव नव्हे, अशी हरकत लुई यांनी घेतल्याची नोंद आहे. पुढच्याच महिन्यात त्यांना देहदंड झाला. न्याय होता की अन्याय, याचा वाद इतिहासकार करोत. पण त्या नावाने न्यायात काय भर पडली?

मात्र ओळख पटवण्यासाठी वापरलेला शब्द आणि डिवचण्यासाठी वापरलेला शब्द यांत आपल्या विद्वानांनी फरक केला आहे. हदीसच्या सनदींमध्ये ‘अल-आरज’ म्हणजे लंगडे आणि ‘अल-आमश’ म्हणजे अधू डोळ्यांचे अशा नावांचे थोर निवेदक आहेत. त्यांची ओळखच त्या शब्दांनी होत असे, म्हणून इमाम नववी (रह.) यांनी असा वापर गैर मानला नाही; हेतू हिणवण्याचा असेल तर मात्र तोच शब्द निषिद्ध ठरतो. त्याच न्यायाने ‘पूर्वी प्रिन्स म्हणून ओळखले जाणारे’ असे एकदा सांगणे योग्य आहे, कारण त्याशिवाय वाचकाला ओळख पटणार नाही. पण प्रत्येक ओळीत ‘माजी’, ‘माजी’ म्हणून बोट टोचत राहणे हे ओळख देणे उरत नाही.

एक पत्र आणि त्यातील एक शब्द

आता मी तुम्हाला ज्या शब्दापाशी आणू इच्छित होतो, तेथे आलो. प्रेषित (सल्ल.) यांनी रोमचे सम्राट हिरक्ल यांना पत्र पाठवले. सहीह बुखारीत ते आले आहे. त्यात हिरक्ल यांना ‘मलिक’ म्हणजे राजा म्हटलेले नाही. पण नुसते ‘हिरक्ल’ असेही म्हटलेले नाही. ‘अजीमुर्-रूम’, म्हणजे रोमवासीयांमधील थोर पुरुष, असा शब्द योजला आहे.

हाफिज इब्न हजर (रह.) यांनी या शब्दावर थांबून विवेचन केले आहे. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा की, इस्लामच्या दृष्टीने हिरक्ल यांच्या राजपदाला मान्यता नव्हती, म्हणून ‘राजा’ हा शब्द टाळला. परंतु मन जोडण्यासाठी त्यांना सन्मानावाचूनही ठेवले नाही. इमाम नववी (रह.) यांचे विवेचनही याच दिशेचे आहे. पाहा, किती बारीक तोलून घेतलेला शब्द आहे! जे मान्य नाही ते लिहिले नाही आणि जे देणे शक्य होते ते रोखून धरले नाही. रोमवासीय त्यांना थोर मानत होते. ही वस्तुस्थिती होती, ती लिहिली. सत्य आणि अदब या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात मावल्या.

आपल्या मराठीतही असा शब्द शोधता येतो. कधी तो ‘साहेब’ असतो, कधी ‘भाई’, कधी ‘चाचा’, आणि कधी तर तो शब्दही नसतो. क्रियापदाच्या शेवटी दिलेली एक मात्रा पुरते.

अदबीचा पडदा होऊ नये

येथे एक रास्त आक्षेप येईल. पदवीच्या आडोशाने अन्याय झाला असेल तर काय? पीडितांनी काय करावे? त्यांनीही ‘ते’ म्हणावे का?

याचे उत्तर कुरआनने दिले आहे. सूरह निसाच्या १४८व्या आयतीचा आशय असा की, वाईट गोष्टीचा उघड उच्चार अल्लाहला आवडत नाही. मात्र ज्याच्यावर जुलूम झाला आहे, तो याला अपवाद आहे. ज्याचे रक्त सांडले, त्याच्या शब्दांचे व्याकरण आपण तपासू नये. पीडितेच्या तोंडचा कडवट शब्द तिचा हक्क आहे. ज्यांच्यावर काहीच गुदरलेले नाही, पण दुसऱ्याच्या पडण्याचा ज्यांना आनंद होतो, अशा तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी अदब आहे.

दुसरे असे की अदब म्हणजे लपवाछपवी नव्हे. मखजूम या प्रतिष्ठित कुळातील एका स्त्रीने चोरी केली, तेव्हा कुळाच्या मानासाठी शिक्षा टाळावी म्हणून रदबदली झाली. प्रेषितांनी ती झिडकारली. पूर्वीचे समाज याच कारणाने नष्ट झाले की त्यांच्यातील उच्चकुलीनांना सोडले जाई आणि दुर्बलांना शिक्षा होई, असा इशारा देऊन त्यांनी सांगितले की आपल्या लाडक्या कन्येने चोरी केली असती तरी हाच न्याय झाला असता. आरोपाची चौकशी व्हावी, पदाने ती अडू नये, सिद्ध झाले ते स्पष्ट सांगावे आणि सिद्ध झाले नाही ते ‘आरोप आहे’ एवढेच सांगावे. हे सारे ‘ते’ म्हणूनही पूर्णपणे सांगता येते.

आणि तिसरे: एकाचे ओझे दुसऱ्यावर नको. अँड्र्यू यांच्या दोन्ही मुलींचे ‘प्रिन्सेस’ हे किताब कायम राहिले. कोणीही दुसऱ्याचा भार वाहणार नाही, हे तत्त्व सूरह फातिरच्या १८व्या आयतीत आहे. आपल्या मोहल्ल्यात मात्र बापाचे पद गेले की शाळेत मुलाला चिडवले जाते. कधी कधी वाटते, या बाबतीत आपण त्या राजवाड्याकडूनही काही शिकावे.

वऱ्हाडचा एक किताब

आपल्या उम्मतनेही हा प्रसंग पाहिला आहे. शेवटचे उस्मानी खलीफा अब्दुल मजीद (दुसरे) यांची निवड नोव्हेंबर १९२२ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने केली. त्याआधीच सुलतानपद रद्द झाले होते, म्हणून ते राज्यावाचूनचे खलीफा होते. ३ मार्च १९२४ रोजी खिलाफतही रद्द झाली आणि त्यांना कुटुंबासह देश सोडावा लागला. ते फ्रान्समध्ये नीस येथे राहिले. हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना आर्थिक साहाय्य दिले. म्हणजे ज्यांच्या राज्यात तेव्हा आपला मराठवाडाही होता, त्यांनी ज्यांना देण्यासारखे आता काहीच उरले नव्हते अशा माणसाचा मान राखला. १९३१ मध्ये खलीफांच्या कन्या दुर्रुशेहवार यांचा विवाह निजामांचे थोरले पुत्र आजम जाह यांच्याशी नीसमध्येच झाला.

पुढे १९३६ मध्ये आजम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला आणि दुर्रुशेहवार ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाल्या. बेरार म्हणजे आपला वऱ्हाड. मी त्याच वऱ्हाडातला, म्हणून हे वाचताना मला नेहमी हसू येते आणि वाईटही वाटते. कारण तेव्हा वऱ्हाडचा कारभार प्रत्यक्षात इंग्रजांच्या हाती होता. वडिलांचे राज्य गेलेले, मुलीला राज्य नसलेल्या प्रांताचा किताब! पुढे हैदराबाद संस्थान गेले आणि १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने भारतातील सर्वच संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले.

खलीफा अब्दुल मजीद १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले आणि त्यांचे पार्थिव १९५४ मध्ये मदीनेच्या जन्नतुल बकीत दफन झाले. तेथे थोरामोठ्यांच्या कबरींवरही किताब कोरलेले नाहीत. दुर्रुशेहवार यांचे निधन २००६ मध्ये लंडनला झाले. हैदराबादच्या जुन्या शहरात त्यांच्या नावाचे मुलांचे रुग्णालय आजही चालते. तेथे ताप आलेले लेकरू घेऊन येणाऱ्या आईला तो किताब कायद्याने उरला आहे की नाही, याची काय फिकीर?

माझी चूक

आता त्या रात्रीविषयी. आमच्या जमातीचे सदर अनेक वर्षे एकच गृहस्थ होते. मशिदीच्या हिशेबात रक्कम जुळेना, तेव्हा त्या उन्हाळ्यात जमातीने त्यांना पदावरून दूर केले. निर्णय योग्य होता. आजही माझे तेच मत आहे. पण आठवड्याभरात पोरांनी त्यांना एक टोपणनाव दिले. ते मी येथे लिहिणार नाही. मोठी माणसेही ते हळूच उच्चारू लागली. माझ्यासमोर ते कोणी उच्चारले तेव्हा मी रागावलो नाही. खरे सांगायचे तर मी हसलो. पहिल्या सफमध्ये बसणारे ते गृहस्थ मागे, चपलांच्या कपाटापाशी बसू लागले. ‘सदरसाहेब’ म्हणणे तर सुटलेच होते. पण त्याऐवजी काय म्हणावे, याचा विचार मीही केला नाही.

ज्या संध्याकाळी मी त्या मुलाला ‘तो’ लिहायला सांगितले, तेव्हा ते मागेच बसलेले होते. इशानंतर मशीद रिकामी झाली आणि ते माझ्याकडे आले. म्हणाले, “मौलाना, हिशेब माझा चुकला, कबूल आहे. पण माझं नावही चुकलं का?”

मला उत्तर देता आले नाही. हजरत उमर (रजि.) यांनी हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांना सेनापतीपदावरून दूर केले, तेव्हा प्रांतोप्रांती कळवले होते की राग किंवा अफरातफर हे कारण नाही; लोक विजयासाठी अल्लाहऐवजी खालिद यांच्यावर विसंबू लागतील, अशी भीती आहे. पद काढले, पण अफवेला जागा ठेवली नाही. आमच्या सदरांचे प्रकरण तसे निर्दोष नव्हते. पण जेवढे होते तेवढे सांगणे, हे इमाम म्हणून माझे काम होते. रकमेचा काही भाग एका आजारी माणसाला नोंद न करता दिला गेला होता आणि उरलेली रक्कम त्यांनी भरून दिली होती. हे जमातीला ठाऊक होते. टोपणनाव देणाऱ्या पोरांना ठाऊक नव्हते, आणि मी ते सांगितले नव्हते.

पुढच्या जुम्याला मी मिंबरवरून हुजुरातची ती आयत घेतली आणि माझ्या हसण्याची माफी सर्वांसमोर मागितली. त्यांना पुन्हा ‘सदर’ म्हटले नाही. ते खोटे झाले असते. त्यांच्या नावापुढे ‘चाचा’ लावले. वयाने त्यांचा तो हक्क होता आणि तो कोणत्याही सभेच्या ठरावाने दिलेला नव्हता. टोपणनाव एका दिवसात गेले नाही. अजूनही कोणाच्या तोंडी ते ऐकू येते. पण पहिल्या सफमध्ये त्यांच्यासाठी जागा होते आणि ते येऊन बसतात.

शेवटचा शब्द

त्या मुलाला मी दुसऱ्याच दिवशी बोलावले आणि माझे उत्तर मागे घेतले. आम्ही दोघांनी मिळून वाक्य लिहिले: ‘अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर हे ब्रिटनच्या राजाचे धाकटे बंधू आहेत. २०२५ पर्यंत ते प्रिन्स या किताबाने ओळखले जात होते. त्यांच्यावर गंभीर आरोप झाले आहेत. ते त्यांनी नाकारले आहेत.’ त्यापुढे मुलाने स्वतःहून आणखी एक वाक्य जोडले: ‘ज्या मुलींचे शोषण झाले, त्यांना न्याय मिळाला पाहिजे.’ मला वाटते, या पाच वाक्यांत सत्य आहे, अदब आहे आणि मजलूमचा हक्कही आहे.

वाचकहो, आज ना उद्या तुमच्या घरातही कोणाचे तरी पद जाईल. कोणी निवृत्त होईल, कोणी निवडणूक हरेल, कोणाचे दुकान बसेल, कोणाच्या हातून खरोखरच चूक होईल. त्या दिवशी तुम्ही त्याला काय म्हणता, याकडे तुमची मुले लक्ष ठेवून असतील. सूरह हाक्कामध्ये कयामतच्या दिवसाचे एक दृश्य आहे. ज्याच्या डाव्या हातात कर्मांची नोंद पडेल, तो आक्रोश करील की माझे धन काही कामी आले नाही, माझी सत्ता माझ्यापासून निघून गेली. त्या दिवशी प्रत्येक माणूस अल्लाहपुढे एकटा उभा असेल. मागे किताब नसतील, पुढे ‘साहेब’ नसेल. ज्याला स्वतःला एके दिवशी असे उभे राहायचे आहे, त्याने पदवी गेलेल्या माणसाकडे हसून पाहू नये.

अल्लाह आपल्या जिभेला सत्य बोलण्याची आणि सत्य अदबीने बोलण्याची सद्बुद्धी देवो. त्याने आपल्याकडे सोपवलेले मान अमानत म्हणून सांभाळण्याची शक्ती देवो आणि ते परत घेतले जातील त्या दिवशी आपल्याला आपल्या माणसांत उघडे पाडू नको. आमीन.